बासऱ्यांचा नाताळ

भर मे महिन्यात, अहेरीच्या आठवडी बाजारात माणसं टरबुजाच्या फोडी चोखत उभी असताना, योहानभाऊ कंपाउंडर मागून यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि खालच्या आवाजात सांगायचे, "मास्तर, यंदाचा नाताळ बुडाला."

ही बातमी मला पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी ब्रह्मपुरीहून इथल्या मिडल स्कूलमध्ये नुकताच बदलून आलो होतो. नाताळ नावाचे कोणी गृहस्थ प्राणहिता नदीत बुडाले असावेत अशी माझी समजूत झाली. मी म्हटलं, "अरेरे! पोहता येत नव्हतं काय त्यांना?"

योहानभाऊंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "तुमी शिकवता तरी काय पोराईले?"

अशी आमची ओळख झाली.

मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. उंच, वाळलेले, बारा महिने एकच काळा कोट. अंगाला जंतुनाशक कार्बोलिकचा वास असा, की बाजारात ते दिसायच्या आधी कळायचे. वरचे पुढचे दात पडलेले. त्यामुळे बोलताना शब्दांबरोबर थोडा वारा यायचा. "काई खरं नाई" हे त्यांचं पालुपद. नवी छत्री घेतली तर दुकानातच ती उघडून, काड्या बघून म्हणायचे, "फाटनच." बस वेळेवर आली तर म्हणायचे, "आता रस्त्यात बंद पडन पाय."

दवाखान्यातही तेच. तापानं फणफणलेला माणूस कडू औषधाचा कप हातात धरून विचारायचा, "भाऊ, उतरन न ताप?"

"उतरन. मंग पुन्हा चढन. पी."

लोक मात्र त्यांच्याच हातचं औषध मागायचे. कारण योहानभाऊंचं एकही भाकीत आजवर खरं झालेलं नव्हतं. ते "जगत नाई हा" म्हणाले की घरची माणसं निर्धास्त होऊन भाकरी खायला बसायची. चुकून कधी "बरा होईन" म्हणाले असते, तर त्याच दिवशी रडारड सुरू झाली असती.

नाताळाच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं खरं होऊ लागलं होतं. आणि ह्याची धास्ती त्यांनाच सगळ्यांत जास्त होती.

दवाखान्यामागे कौलारू छपराचं एक छोटं चर्च होतं. गोरे साहेब स्वातंत्र्यानंतर एकेक करत निघून गेले. मागे राहिली चार-दोन घरं आणि एक पायपेटी. पायपेटीला उदई, म्हणजे वाळवी, लागली. मी यायच्या आदल्या वर्षी नाताळाच्या सकाळी चंद्रपूरहून उपासना घ्यायला आलेल्या पाळकांनी भक्तिभावानं तिचं झाकण उघडलं, तर आतून सुरांच्या जागी एक उंदरीण आपली पिलं घेऊन बाहेर आली. गाणारी माणसं तर त्याआधीच पांगली होती. कोणी नागपूरला गेलं, कोणी बल्लारशाला कामाला लागलं, कोणी चर्चमागच्या मातीत गेलं. त्या वर्षी नाताळची सगळी गाणी योहानभाऊंनी एकट्यानं म्हटली, पडलेल्या दातांतून. "वारा जास्त, गानं कमी," असं त्यांनीच मला त्याचं वर्णन सांगितलं.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बासऱ्या शिरल्या. माणसं मिळत नाहीत, पेटी मिळत नाही. पण बांबूला अहेरीत काय तोटा? नाताळची जुनी गाणी बासऱ्यांवर बसवायची, चार बासऱ्या, चार आवाज, असं त्यांनी ठरवलं. ही गाणी काही साहेबांच्या देशातली नव्हेत. आमच्या झाडीपट्टीतल्याच धान कापणीच्या चालींवर त्यांच्या मंडळीतल्या जुन्या बायामाणसांनी ती रचलेली होती. एक मला अजून येतं:

मेंढरं राखता राखता, रात झाली गे बाई,
गव्हाणीत निजला राजा, त्याले पांघरून नाई.

गोपाळकाल्याला मी देवळात बासरी वाजवली, ती त्यांनी रस्त्यावर उभं राहून ऐकली. दुसऱ्या दिवशी शाळेत हजर.

"मास्तर, वाजवता बरे. म्हंजे बेकारच वाजवता, पन दुसरा कोन हाये इथी?"

"योहानभाऊ, मी तर तुमच्या धर्माचा नाही."

"मंग? बासरी बाप्तिस्मा घेतलेली लागते का?"

शाळा सुटल्यावर मी गेलो.

दवाखान्याला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर आणखी तिघं बसलेले होते. रहीमभाई टेलर, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे; अत्यंत काटेकोर माणूस, बोलताना सुद्धा टेप लावून बोलावं तसं मोजून बोलणार. राजन्ना हॉटेलवाला, सिरोंच्याकडचा तेलुगू, आवाज मोठा, सुराशी ओळख थोडी. आणि जंगल खात्याच्या डेपोवरचा पोचा मडावी. पोचाला एकच सूर आवडायचा. तो सूर एकदा धरला की श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही, आणि श्वास संपला की पुन्हा तोच.

"दुसरा सूर का नाही वाजवत?" मी विचारलं.

"पयलाच चांगला हाये न दादा," पोचा म्हणाला.

दवाखाना बंद झाला की रोज सायंकाळी तालीम. बासऱ्या योहानभाऊंनी स्वतः केल्या होत्या. लाल केलेल्या सळईनं भोकं पाडलेली, प्रत्येकीचा सूर दुसरीशी भांडण झाल्यासारखा. त्या ठेवायच्या औषधांच्या पेटीत. फुंकर मारायला ओठ लावावेत, तो तोंडात कार्बोलिक. सूर लिहून द्यायचे ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, घशाला लावायच्या जांभळ्या औषधानं. आमच्या सगळ्यांची बोटं जांभळी. राजन्नाच्या हॉटेलातल्या कपांवर जांभळे ठसे दिसू लागले, तेव्हा गिऱ्हाइकं विचारू लागली, की कोणता रोग झालाय.

ठेका द्यायला योहानभाऊंच्या हातात जीभ दाबायची लोखंडी पट्टी असायची. कोणी चुकलं की वाजवणं थांबवायचे, जवळ यायचे आणि म्हणायचे, "आ कर." मग ती पट्टी जिभेवर ठेवून कंदिलाच्या उजेडात घशात बघायचे. सूर चुकला तो घशाच्या दोषानं, अशी त्यांची खात्री होती. राजन्नाचा घसा त्यांनी इतक्यांदा पाहिला, की राजन्ना चुकला की न सांगताच तोंड उघडून बसायचा.

"काई खरं नाई," योहानभाऊ म्हणायचे. "हे असं वाजवलं त मेंढरं पळून जातीन."

एकदा पोचानं बासरी खाली ठेवली. "भाऊ, त्या पोराले पांघरून काऊन नाई?"

"गरीब होते बाप्पा. गोठ्यात जागा भेटली."

"गोठ्यात तनस असते न. तनस टाकाची अंगावर. बाप काय करून राह्यला होता?"

योहानभाऊ विचारात पडले. इतकी वर्षं गाणं म्हणून ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्या दिवशीची तालीम तिथंच संपली. उरलेला वेळ दोघंही तणस, म्हणजे धानाचा पेंढा, किती ऊब धरते ह्यावर बोलत होते.

पण खरी अडचण रहीमभाईंच्या आवाजाची होती. दुसरा आवाज त्यांच्याकडे होता. त्यांना योहानभाऊंनी असं बसवून दिलं होतं, की प्रत्येक ओळ त्यांनी आमच्यामागून जरा उशिरानं धरायची, आणि ओळीचा शेवटचा सूर थोडा उतरलेला ठेवायचा. कानाला ते खटकायचं. रहीमभाईंना तर सहनच होईना.

"भाऊ, ये सूर गिरा हुआ है. मी असं कापड कापलं त गिऱ्हाईक मारन मले."

"तसंच वाजवा," योहानभाऊ म्हणायचे.

शेवटी एका सायंकाळी, योहानभाऊ दवाखान्यात अडकलेले पाहून, मी रहीमभाईंना म्हटलं की माझ्याबरोबरच सुरू करा आणि शेवटचा सूर सरळ ठेवा. आम्ही वाजवलं. पहिल्यांदाच गाणं गाण्यासारखं वाटलं. राजन्नानं "अय्यो!" म्हणून मांडीवर थाप मारली. मान वर केली, तर योहानभाऊ दारात उभे होते.

"कोनं सांगतलं असं वाजवाले?"

"मी," मी म्हटलं. "बरं नाही वाटत का आता?"

ते ओसरीच्या कडेला टेकले. त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते रागावले नव्हते. पट्टी हातात उलटसुलट करत म्हणाले, "बरं वाटते. पन मार्था अशी नोती म्हनत."

मार्थाबाई त्यांची बायको. मी अहेरीत यायच्या आधीच ती वारली होती, एवढंच मला ठाऊक होतं.

"ओळ सुरू झाली का ती पयले लुगड्याचा पदर सारखा करे. मंग म्हने. तेवढा उशीर होये. आनि शेवटी तिले दम पुरत नोता. दमा होता न. म्हनून सूर खाली ये." मग माझ्याकडे पट्टी दाखवून म्हणाले, "तुमच्याजवळ हाये तो ग्रेसबाईचा आवाज. नर्स होती. मोठी घाई तिले. तुमीबी थोडी घाई करत जा. राजन्ना वाजवते तो सायमन चौकीदार. त्याले सूर समजतच नोता, पन आवाज भारी. आनि पोचाजवळ बुढा पेत्रस. त्याले एकच सूर ये."

पोचानं समाधानानं मान हलवली. कोणीतरी आपल्यासारखं होतं, हे त्याला आवडलं.

 इतके दिवस मी समजत होतो, की ह्या माणसाला संगीत कळत नाही. तो त्या चौघांना पुन्हा चर्चच्या बाकावर आणून बसवत होता. त्यांच्या घाईसकट, दम्यासकट.

त्यानंतर कोणी काही दुरुस्त केलं नाही. रहीमभाई प्रत्येक ओळीला पदर सारखा करण्याएवढं थांबू लागले. टेलर माणूस, त्याला किती वेळ लागतो हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी पाळक आले. आष्टीच्या घाटावर नावेनं नदी ओलांडून, पुढे बसनं, अंगात कणकण घेऊन. अनेक गावांची मंडळी ते एकटे सांभाळायचे, त्यामुळे नेहमीच थकलेले असायचे. बासऱ्या पाहून ते आणखी थकले.

"योहान, बासरी हे कृष्णाचं वाद्य. ते उपासनेत कसं चालेल?"

"पाळकसाहेब, गव्हाणीपाशी पयले कोन आले? मेंढके आले. त्याईच्याजवळ काय पायपेटी होती?"

"मेंढपाळांनी बासरी वाजवली असं कुठं लिहिलेलं नाही."

"पायपेटीचं तरी कुठी लिहिलं हाये?"

पाळकांनी डोळे मिटले. वाद घालायची ताकद त्यांच्यात नव्हती. "उपासना संपल्यावर बाहेर वाजवा," ते म्हणाले. "आत नको."

"बाहेर त बाहेर," योहानभाऊ म्हणाले. त्यांना तेवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणूनच की काय, ते घाबरले. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी कडक पडली. थंडीत बासऱ्यांचा सूर उतरतो. आज तरी तो उतरू नये म्हणून त्यांनी चारही बासऱ्या शेकोटीजवळ उभ्या करून ठेवल्या आणि चर्च झाडायला गेले. परत आले, तर रहीमभाईंची बासरी तडकली होती. वरपासून खालपर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा योहानभाऊ तिला चिकटपट्टी लावत होते. मोडलेल्या हाताला लावावी तशी, हळूहळू, वेढ्यावर वेढा.

"काई खरं नाई" म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी बासरी रहीमभाईंच्या हातात दिली.

रहीमभाईंनी फुंकून पाहिलं. नुसती हवा.

उपासना झाली. आम्ही चौघं बाहेर मोहाच्या झाडाखाली उभं राहून ऐकत होतो. प्रवचन संपल्यावर पाळकांनी खोकत खोकत सांगितलं, की नव्या वर्षापासून इथं उपासना होणार नाही. एवढ्या थोड्या माणसांसाठी इतक्या दूर येणं त्यांना झेपत नव्हतं, वरून तसं ठरलं होतं. मंडळीनं मोठ्या सणांना चंद्रपूरला यावं. हे सांगताना त्यांचा आवाजही उतरलेला होता. वाईट माणूस नव्हता तो.

माणसं बाहेर आली. बहुतेकांना पाळकांच्याच बसनं नातेवाइकांकडे जायचं होतं. बस रस्त्यावर उभी होती. योहानभाऊ झाडाखाली आले, कोटाच्या गुंड्या लावल्या, पट्टी वर केली आणि आम्ही सुरू केलं.

मी घाई केली. राजन्नानं सुराची पर्वा न करता आवाज लावला. पोचानं आपला एक सूर धरला. माणसं गाठोडी उचलत होती, पोरांच्या नावानं ओरडत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, तेव्हा योहानभाऊंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बसलाच 'आ कर' म्हणणार. आणि प्रत्येक ओळीत, जरा उशिरानं, रहीमभाईंच्या बासरीतून नुसता श्वास यायचा. सूर नाही. दमेकरी माणसाचा असावा तसा श्वास. ओळीच्या शेवटी तोही खाली यायचा.

योहानभाऊंचा हात त्या जागी थांबायचा. त्या श्वासाला ते पुरेसा वेळ देत होते.

आमच्यामागे पाळकांनी चर्चचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. जाताना ते आमच्यापाशी क्षणभर थांबले.  योहानभाऊंच्या दंडाला नुसता हात लावून ते बसकडे गेले. तिसरं कडवं संपायच्या आत बस सुटली. धूळ खाली बसली तेव्हा समोर एक शेळी आणि तिची दोन करडं उभी होती.

आम्ही गाणं शेवटापर्यंत वाजवलं.

"झालं," योहानभाऊ म्हणाले. बासऱ्या गोळा केल्या, स्पिरिटनं पुसल्या, एका फडक्यात बांधल्या. "आता तुमाले तरास नाई. कामंधंदे सोडून येत होते बिचारे." आणि दवाखान्याकडे निघून गेले, कारण कोणीतरी पोटदुखीचा माणूस पायऱ्यांवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. सायंकाळ झाली तशी मला खोलीत बसवेना. बसवायचं गाणं उरलेलं नव्हतं, जायचं कारण नव्हतं. तरी बाजारातून फिरत फिरत मी दवाखान्याच्या वाटेला लागलो.

ओसरीवर चटई अंथरलेली होती. आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी. कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. चुलीवर आधण ठेवल्याचा धूर येत होता. आणि योहानभाऊ कोट घालून, भिंतीला टेकून, रस्त्याकडे बघत बसले होते. मला पाहिल्यावर गडबडीनं उठले.

"काऊन आले मास्तर? आता त काई नाई."

"सहज," मी म्हटलं.

थोड्या वेळानं रहीमभाई आले. कोटाची एक गुंडी सैल झाल्याचं काल पाहिलं होतं, ती लावून देतो म्हणाले. सुईदोरा घेऊनच आले होते. राजन्ना कागदाच्या पुड्यात भजी घेऊन आला आणि हॉटेलात उरली म्हणून शपथेवर सांगू लागला, पण ती गरम होती. सगळ्यांत शेवटी पोचा आला. त्याला कोणी विचारायच्या आधीच तो चटईवर बसला.

"तू काऊन आला रे?" राजन्नानं विचारलं.

"बसाले आलो," पोचा म्हणाला.

योहानभाऊंनी चहा ओतला. गुंडी लावून होईपर्यंत रहीमभाईंनी त्यांना हलू दिलं नाही, त्यामुळे ते हात बाजूला धरून ताठ बसले होते.  डेपोकडून लाकडं भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मार्था असती," योहानभाऊ एकदम म्हणाले, "त तुमाले जेवल्याबिगर जाऊ देलं नसतं तिनं."

रहीमभाईंनी दातानं दोरा तोडला. योहानभाऊंनी गुंडी चाचपून पाहिली. मग आमच्यातल्या कोणाकडेच न बघता, चुलीकडे बघत, त्यांनी विचारलं,

"भात टाकू का?"